वीणेच्या पट्ट्याखाली

फुलवालीनं पेपरात गुंडाळून दिलेल्या पुड्यातून शेवंतीचं एक देठ बाहेर आलं होतं. रत्नमालेनं ते सहज नखानं खुडलं आणि फेकलं. हात नाकाजवळून गेला, तेव्हा ती स्कूटीला किल्ली लावायची विसरली. कडू वास. हिरवा, ओलसर, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा. शेवंती म्हटलं की पाकळ्यांचा तो थंड, देव्हाऱ्यातला वास आठवतो. देठाला आणि पानाला वेगळाच वास असतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण आज तो ओळखीचा वाटला, आणि ती ओळख शेवंतीची नव्हती. तिनं उजव्या हाताची बोटं पुन्हा हुंगली. मग डाव्या हाताची. डाव्या हाताला अजून मघाचा वास होता. प्रयोगशाळेच्या मागून गाडीकडं येताना तिची ओढणी गाजरगवतात अडकली होती. पांढऱ्या कण्यांची ती झुडपं कंबरेला लागत होती. ओढणी सोडवताना एक शेंडा बोटांत चुरगळला होता आणि तिनं हात रुमालाला पुसून टाकला होता. आता एका हातावर शेवंती, दुसऱ्या हातावर गाजरगवत, आणि डोळे मिटले तर कुठला हात कुठला हे तिला सांगता आलं नसतं.

"क्या हुआ मॅडम? सुबहीच आए फूल. इत्ता सूंघके क्या देख रहे?" फुलवाली म्हणाली.

"काही नाही हो. फुलं छान आहेत."

"तो फिर ले जाओ ना! देवाला घालायच्या आधी तुमीच वास घेऊन टाकला सगळा."

रत्नमाला हसली, पण गाडी सुरू केली नाही. छावणीच्या बाजारात संध्याकाळच्या आधीची ती सैल वेळ होती. बेकरीसमोर पावाचे ट्रे उतरत होते, एक जवान सायकलवरून कोबीचा गड्डा हँडलला टांगून चालला होता. तिच्या मांडीवर तो पुडा होता आणि पुड्यातली फुलं अण्णांनी मागवली होती. अण्णा म्हणजे तिचे वडील, त्रिंबकराव. उद्या ते देवगाव रंगारीला, त्यांच्या गावाला, सप्ताहाला जाणार होते, आणि गेली कित्येक वर्षं सांभाळलेली वीणा कायमची गळ्यातून उतरवणार होते. "शेवटचा हार आपल्या घरचा असू दे बाई," असं ते सकाळी चहा पिताना म्हणाले होते. "शेवंतीचाच कर. बानाचा असतो शेवंतीचा, तवा आपला बी तसाच." आवाजात काही नव्हतं. दूधवाल्याचा हिशोब सांगावा तसं सांगितलं होतं. त्या काही नसण्याचीच तिला दिवसभर धास्ती वाटत होती.

सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. दिवसरात्र नाम चालू असतं आणि त्या नामाच्या मधोमध कुणीतरी एकजण गळ्यात वीणा घेऊन उभा असतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो. दोघं वाकून एकमेकांच्या पायाला हात लावतात, कोण मोठा कोण धाकटा हे त्या घडीला विसरलेलं असतं. मग पट्टा एका मानेवरून सरकतो आणि दुसऱ्या मानेवर जातो. तार मधेच बोलते. लहानपणी रत्नमाला हे बघायला टाळकऱ्यांच्या पायांतून वाट काढत पुढं जायची. तिला वाटायचं, अण्णांच्या गळ्यातून काहीतरी निघून त्या दुसऱ्या माणसात जातं, कारण वीणा घेतली की तो दुसरा माणूस, मग तो रोजचा चिलीम ओढणारा का असेना, एकदम अण्णांसारखा दिसायला लागायचा. आणि वीणेच्या दांडीला हार असायचा. तो हार बानाबाईचा. बानाबाई धनगरांच्या वस्तीवरची. तिच्या मुलाला लहानपणी मोठं दुखणं आलं, ते उतरलं तेव्हा तिनं विहिरीच्या कडेला शेवंती लावली आणि सप्ताहात हार घालायचा नवस बोलली. मुलगा आता दोन पोरांचा बाप होता. हार चालूच होता. दांडीवरून तो विणेकऱ्याच्या गळ्याशी, छातीशी लोंबायचा आणि हात वाकवला की कोपराच्या लवणात दबायचा.

आणि तिथंच अण्णांचं अंग उठायचं. सप्ताहाचे एकदोन दिवस गेले की पट्ट्याखाली, गळ्याच्या खळीत, कोपराच्या आत, कधी पापण्यांवरसुद्धा लाल चट्टे, आग, मग पाणी सुटायचं. अण्णांनी सगळं करून पाहिलं. पट्टा बदलून सुती केला, तो उकळून घेतला. बुक्का लावायचा सोडला, गंध बदललं. गेल्या वर्षी ऐन कीर्तनात पट्टा ओल्या कातडीला चिकटला आणि त्यांना वीणा मधेच दुसऱ्याच्या गळ्यात द्यावी लागली. कीर्तनकार थांबले, टाळ थांबले, मागं कुणीतरी म्हणालं, सोवळ्यात चुकलं असेल काही. ती एक ओळ अण्णा गावाहून औरंगाबादला घेऊन आले. पुढं वर्षभर त्यांना काहीच झालं नाही. मान लख्ख, कोपर लख्ख. म्हणूनच त्यांचा निकाल पक्का झाला. "इथं काय होत नाय. गावात बी हिंडतो तवर काय होत नाय. वीणा घेतली का होतं. म्हंजी वीणाच मला नको म्हनती. देवानं लई वर्सं उभं केलं, आता तोच म्हनतो, बस." भांडून, रडून बोलले असते तर तिला उत्तर देता आलं असतं. पण त्यांनी ते प्रसाद घ्यावा तसं दोन्ही हातांनी घेतलं होतं.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. रत्नमालेनं पुडा पुढच्या हुकाला अडकवला आणि निघाली. लोखंडी पुलावर नेहमीसारखी गर्दी होती. तिला ती आज बरी वाटली, कारण सावकाश जायचं होतं. खाम नदीच्या कडेनंही तेच पांढरं गवत. इतकी वर्षं रोज दिसत होतं, आणि दिसत नव्हतं. ती डॉक्टर होती, पण पेशींची. माणसं तिच्याकडं थेंबाथेंबानं यायची, नळीतून. ज्या पेशींकडं बघण्यात तिची नोकरी चालली होती त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात त्यांना. त्या कातडीत फांद्या पसरून बसतात आणि जे येईल त्याची चव घेत राहतात. धूळ, घाम, जंतू, फुलाचा रस. बहुतेक वेळा काही होत नाही. पण कधी कातडी खरचटलेली असते, आजूबाजूला दंगा असतो, तेव्हा ती पेशी फांद्या मिटून घेते, घर सोडते आणि लसिकेच्या, म्हणजे अंगभर फिरणाऱ्या लिंफच्या, प्रवाहातून काखेतल्या, मानेतल्या गाठीपर्यंत चालत जाते. तिथं मदतनीस टी पेशींची दाटी असते. स्वतः मारामारी न करणाऱ्या, पण कुणी मारामारी करायची, कशी, की अजिबात करायची नाही, हे ठरवून बाकीच्यांना सांगणाऱ्या. त्यांच्यापुढं उभी राहून ती आपल्या अंगावर आणलेला तुकडा दाखवते. नुसता दाखवून भागत नाही. जवळ जाऊन स्पर्श करावा लागतो, म्हणजे समोरचीला कळतं की हे खरं आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती काही रसायनं सोडते, आणि तुकडा तोच असला तरी त्या रसायनांवर ठरतं की ऐकणारी पेशी लढायला उठेल, की शांत बसून दुसऱ्यांनाही शांत बसवील. पहिल्या वर्षी वर्गात शिकवताना या तिसऱ्या गोष्टीला तिच्या तोंडून "चाल" असा शब्द निघून गेला होता. पोरं हसली. परीक्षेत मात्र निम्म्या पोरांनी "चाल" असंच लिहिलं, आणि तिनं मार्क कापले नाहीत.

तो शब्द ती ज्या मंडपातून घेऊन आली होती तिथं पेट्रोमॅक्सची सूंसूं असायची. बायकांच्या बाजूला आईच्या, सरूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून ती ऐकायची. एका सप्ताहात एकाच अभंगावर दोन बुवांची कीर्तनं झाली होती. पहिल्या बुवांनी तो इतका हळू घेतला की आईची मांडी हलायला लागली. आई रडत होती, आणि शेजारची, पलीकडची, सगळ्याच. दोन दिवसांनी दुसऱ्या बुवांनी तेच शब्द उचलले, मृदंगाला डोळ्यानं खूण केली, आणि मंडप उठून उभा राहिला. माणसं नाचायला लागली, एका म्हाताऱ्याचा फेटा सुटून मृदंगात अडकला तरी कुणी थांबेना. शब्द तेच होते. रत्नमालेनं घरी जाताना अण्णांना विचारलं होतं, की खरा अर्थ कुठल्या बुवांचा? अण्णा म्हणाले, "पद म्हंजी नुसतं बी गं. पेरनारा कोन अन जमीन कशी, त्याच्यावर हाय सगळं." पुढं मोठ्या शहरात, परदेशी पाहुण्यांसमोर, कॉम्प्युटरवर आलेख लावून ती जे काही मांडत आली त्याच्या तळाशी हे एवढंच वाक्य होतं, आणि तिला त्याची कधी लाज वाटली नाही. उलट सूक्ष्मदर्शकाखाली एखादी डेंड्रायटिक पेशी मदतनीस पेशीला बिलगलेली दिसली की तिला नमस्कार करावासा वाटे. एकदोनदा तिनं केलाही, दार बंद असताना.

पूल संपला. आता गवत तिला सोडत नव्हतं. देवळामागचं मैदान. सप्ताहाच्या आधी मंडपासाठी ते साफ करायचं काम अण्णांचं. सांगितलेलं नव्हे, घेतलेलं. पावसाळ्यानंतर तिथं छातीइतकं गाजरगवत माजायचं. अण्णा सदरा काढून, विळा घेऊन उतरायचे, उपटायचे, कवळ्याच्या कवळ्या उराशी धरून बांधावर नेऊन टाकायचे. घाम, धूळ, ओरखडे. संध्याकाळी आई त्यांच्या मानेला, कोपरांना खोबरेल लावायची आणि म्हणायची, उष्णता झाली, कांदा खा. म्हणजे तेव्हाही होतं. तेव्हाच झालं होतं. त्या ओरखड्यांतून कुठलीतरी पेशी गवताचा रस घेऊन निघाली असेल. रस कसला, त्यातला एक इवलासा कडू रेणू, जो आपल्याच कातडीतल्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, मग आपलंच प्रथिन परकं दिसायला लागतं. ती मानेतल्या गाठीत पोचली असेल आणि जळत्या घरातून आल्यासारखी तिनं तो दाखवला असेल. ऐकणाऱ्या उठल्या. आणि एकदा उठलेल्या मदतनीस पेशी विसरत नाहीत. त्यांतल्या काही परत कातडीत येतात आणि ज्या जागी आग लागली होती तिथंच मुक्काम करतात; गळ्याच्या खळीत, कोपराच्या लवणात, पट्ट्याखाली. वर्षानुवर्षं गप्प बसतात. अण्णा शहरात आले, गवत सुटलं, त्या बसूनच राहिल्या. त्यांनी गवत पूर्ण कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना एक कोपरा दाखवला होता तेवढाच त्यांच्या ध्यानात, आणि तोच कोपरा, थोड्या फरकानं, शेवंतीच्या अंगात आहे, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली. गावात गवत उपटायला आता अण्णा जात नव्हते. पण सप्ताहात हार यायचा, ऐन थंडीत, बानाबाईच्या हातचा.

घराच्या गल्लीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली आणि शीलाला फोन लावला. शीला तिची कॉलेजातली मैत्रीण, त्वचारोगांची डॉक्टर. तिनं सगळं ऐकून घेतलं. "अगं, शेतातल्या माणसांचं हे रोज बघते मी. फुलांचंही तू म्हणतेस तसंच असणार. पाठीवर पट्ट्या लावून तपासू, खात्री होईल. तोवर शेवंती, झेंडू अंगाला नको."

"उद्या जायचंय गं त्यांना."

"जाऊ देत की. वीणेला कुठं मनाई केली मी?"

अण्णा व्हरांड्यात बसून धोतराच्या घड्या करत होते. शेजारी वाटीत पाणी, सुई, आणि केळीच्या सोपाचा भिजवलेला दोरा. पुडा बघून त्यांनी हात पुढं केला. "आनली का? दे इकडं, उजेड हाय तवर गुंफतो."

"अण्णा, थांबा. हात लावू नका."

"कामून? सोवळ्यात आनली का काय तू फुलं?"

"आधी डोळे मिटा."

"आता या वयात आंधळी कोशिंबीर का?" म्हणाले, पण मिटले. तिनं गाडीवरून उतरताना फाटकाजवळचा गवताचा एक शेंडा कागदात तोडून घेतला होता. तो चुरगळून त्यांच्या नाकासमोर, जरा लांबच धरला.

"काय आहे?"

"गाजरगवत. जन्म गेला उपटन्यात."

"आणि हे?"

"तेच की. दोनदा कामून इचारती?"

"उघडा डोळे."

दुसऱ्या कागदात शेवंतीचं देठ आणि पान होतं. अण्णांनी ते बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. ती बोलत गेली, आधी घाईघाईनं, मग सावकाश. अण्णांच्या अंगात एक बुवा आहे, हजारो आहेत, कातडीत बसलेले. त्यांनी एकदा, फार पूर्वी, गवताचा अभंग ऐन दंग्यात घेतला आणि टाळकऱ्यांना उठवलं. ते टाळकरी आता शेवंती दिसली तरी उठतात.

"बुवा चुकला म्हन की," अण्णा म्हणाले.

"चुकला नाही हो. तुम्ही ओरखडून घेतलं होतं अंग. त्याला वाटलं, घरावर धाड आली. तसंच सांगितलं त्यानं."

"अन आता त्याला म्हनावं, बाबा, शांत चालीत घे. जमतं का आसं?"

"त्याचंच काम करते मी रोज. अजून नाही जमलेलं."

"व्हय?" त्यांना हे आवडलेलं दिसलं. "म्हंजी लोकांनी इचारलं, पोरगी काय करती, तं सांगतो, बुवांना चाल शिकवती." मग धोतराच्या काठावरून अंगठा फिरवत म्हणाले, "म्हंजी वीणा मला नको नाय म्हनली."

"नाही, अण्णा."

"अन सोवळ्याचं?"

"देवाचं मैदान साफ करताना लागलेलं आहे ते. त्यात कसलं सोवळं चुकतंय?"

अण्णांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. रत्नमालेला वाटलं, झालं. गाठ सुटली. ती चहा टाकायला उठली, आणि चहा घेऊन आली तेव्हा अण्णांचा चेहरा सकाळसारखाच झाला होता, दूधवाल्याच्या हिशोबाचा. "पन मी वीणा उतरवनारच," ते म्हणाले. तिला कळेना. "बानाला काय सांगू? तुझ्या फुलांनी माझं अंग नासतं म्हनून? लेकराच्या जिवासाठी बोललेली ती बाई. इतकी वर्सं ती हार घेऊन येती अन मी मान पुढं करतो. देव मला नको म्हनला, हे मी सोशीन. तिला तिची फुलं नको म्हनायचं, हे माझ्यानं व्हायचं नाय." आणि मग, कपात बघत, "तू बी बोलायचं नाय. शब्द दे." तिनं दिला. तो नाकारता येईल अशा जागी तिला कुठं उभंच राहता येईना. माणसाला वाचवायला निघालेली ती, आणि त्या माणसाला स्वतःला वाचवण्यात रसच नव्हता. त्याला एका धनगरणीचं मन वाचवायचं होतं. त्या संध्याकाळी तिनं शेवंती स्वतःच गुंफली, पिशवीत बांधून ठेवली, आणि हात दोनदा साबणानं धुतले. तरी कडू वास राहिलाच.

दुसऱ्या दिवशी बसनं कसाबखेड्याचा फाटा सोडला तसं अण्णांचं बोलणं वाढलं. हे शेत कुणाचं, ती विहीर कुणी खोदली. आनंद त्यांना गावाचा होता, आणि त्याखाली निरोपाचं जड काहीतरी. देवळापुढच्या मंडपात दुपारची सावली पडली होती. वीणा रामेश्वरच्या गळ्यात होती. रामेश्वर चाळिशीतला, अण्णांच्या हाताखाली तयार झालेला. अण्णांचा हा पहारा झाला की वीणा कायमची त्याची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो अण्णांना बघून अवघडला, वाकला, अण्णाही वाकले. पट्टा सरकला, तार बोलली. अण्णांनी वीणा अशी जवळ घेतली की रत्नमालेला मंडपाच्या कडेला उभ्याउभ्या आईची आठवण आली. नाम चालूच होतं, संथ, झोपाळ्यासारखं.

बानाबाई पाटीवर ओलं फडकं टाकून आली. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. फडकं दूर झालं तेव्हा रत्नमाला बघतच राहिली. हार मनगटाएवढा जाड होता. लहानपणी तिनं पाहिलेला हार बोटाएवढा असायचा. बानाबाईनं दोन्ही हातांनी तो उचलला, वीणेकडं नेला, आणि अण्णा मागं सरले. ठरवून नव्हे, ठरवलेलं तर उलटं होतं. त्यांच्या मानेनं, त्या जागेनं, स्वतःच अंग काढून घेतलं. मग तेच घाबरले आणि पुन्हा मान पुढं केली. पण बानाबाईनं पाहिलं होतं. हार हवेत राहिला.

"काय झालं, दादा?"

अण्णांनी रत्नमालेकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. शब्द दिला होता. टाळ चालू होते. अण्णांचे ओठ नाम घेत होते, ते थांबले. "बाना," ते म्हणाले, "तुझी फुलं मला सोसत नाय गं. अंग उठतं. तुझा दोष नाय, फुलाचा बी नाय. माझं कातडंच येडं हाय."

बानाबाईनं हार पाटीत ठेवला आणि कमरेवर हात ठेवले.

"त्याच्यानं होतं ते?"

"व्हय."

"अन तुमी इतकी वर्सं खाजवत उभे राह्यले, पर बोलले नाय?"

"तुझा नवस..."

"आता गं बया!" बानाबाईचा आवाज चढला, दोनतीन टाळकरी वळले. "अहो, मला वाटायचं, माझ्याच नवसात काय कमी पडतं म्हनून तुमचं तोंड सुजतं! म्हनून दरसाल वाढवत नेला. यंदा तं आख्खा वाफा खुडला. पाठ धरली माझी! अन हा बाबा मान पुढं करतोय!" ती हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. "मी हार देवाला बोलले, दादा. तुमच्या नरड्याला कधी बोलले? देव तिथं उभा हाय की आत. त्याला चालंल ना शेवंती?"

"त्याला चालेल," रत्नमाला म्हणाली. तिच्या तोंडून पहिल्यांदाच शब्द निघाला.

"तुमी औरंगाबादच्या डाक्तरीन ना? मग सांगा, वीणेला काय चालंल? तुळस चालंल? अन माझे हात? धुवावं लागत्याल?"

"तुळस चालेल. हात धुवा, साबणानं."

बानाबाई हार घेऊन गाभाऱ्यात गेली. तो देवाच्या पायाशी मावेना, अर्धा उंबऱ्यापर्यंत आला. रत्नमालेनं पिशवीतला आपला हारही त्यावर ठेवला. मग बानाबाई नळावर बसून कोपरापर्यंत हात घासत राहिली, एकीकडं बडबडत. देवळामागं तुळशीची ओळ होती. मंजिऱ्या खुडून तिनं उभ्याउभ्याच एक हार ओवला, बारीक, बोटाएवढा. तो वीणेला घालताना म्हणाली, "आता उठलं अंग, तं मी डाक्तरनीकडं येऊन बसंन. मला काय सांगू नका."

रामेश्वर खांबाला टेकून हे बघत होता. पहारा संपला तसा तो पुढं आला, पण वीणा घ्यायला त्याचा हात उचलेना. "काका, यंदा कायमची म्हनत होते..."

"आज घे," अण्णा म्हणाले. "कायमचं काल्याच्या दिशी बघू. बुवा काय म्हनत्यात, ते कळू दे."

"कोनते बुवा?"

"हायेत माझे एक. लई जुने."

रत्नमाला परत शहरात आली. रोज सकाळी फोनवर ती नामजपाच्या मागून अण्णांचा आवाज शोधायची आणि एकच प्रश्न विचारायची. ते म्हणायचे, "अजून काय नाय," आणि मग बानाबाईनं आज काय टोमणा मारला ते सांगायचे. प्रयोगशाळेत ती खिडकीशी उभी राहायची. खाली तेच गवत, पांढऱ्या कण्यांचं. तिला त्याचा राग येत नव्हता. गाठीतल्या, कातडीतल्या त्या टाळकऱ्यांचाही नाही. कुणी त्यांना कधीतरी कळवळून सांगितलं होतं आणि ते अजून इमानानं तिथं बसले होते, हाकेची वाट बघत. एखाद दिवशी त्यांना शांत चालीत काही ऐकवता आलं तर. तोवर हाक न मारणं एवढं तरी हातात होतं.

काल्याच्या दिवशी ती पोचली तेव्हा दही-लाह्यांची हंडी बांधून झाली होती आणि मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. कीर्तनाच्या मधोमध अण्णा उभे होते, वीणा गळ्यात, तिच्यावर तुळशीचा हार वाळून काळपट झालेला. बायकांच्या बाजूनं तिला त्यांची मान नीट दिसत नव्हती. कीर्तनकारांनी चाल बदलली, मंडप उठला. त्या हलकल्लोळात रामेश्वर पुढं आला. दोघं वाकले. पट्टा सरकला. जिथं तो सप्ताहभर होता तिथं अण्णांची कातडी कोरडी होती, पिकल्या वयाची, सुरकुतलेली, पट्ट्याच्या विणीचा फिका ठसा उमटलेली. बाकी काही नाही.

"थोडा वेळच हां," अण्णा रामेश्वरच्या कानाशी ओरडले. "पानी पिऊन आलो का परत दे."

रामेश्वर एवढा हसला की तार वाजवायचं विसरला. अण्णा गर्दीतून बाजूला झाले. सवयीनं त्यांचा हात मानेकडं गेला. खाजवायला काही नव्हतं. हात क्षणभर तिथंच राहिला, जणू विचारत होता. मग खाली आला आणि दुसऱ्या हाताला जाऊन टाळी देऊ लागला.